मुलाची पहिली रायफल: विकत घेण्याआधी काय बघायचं

नेमबाजीच्या क्लासला मूल जायला लागलं की महिन्या-दोन महिन्यांत घरात एकच विषय सुरू होतो: स्वतःची रायफल कधी घ्यायची, आणि कोणती? शेजारच्या लेनवरच्या मुलाकडे चकचकीत जर्मन रायफल असते, कुणीतरी ‘घ्यायची तर एकदाच चांगली घ्या’ असा सल्ला दिलेला असतो, आणि आई-वडील मोबाईलवर किंमत बघून गप्प झालेले असतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या रायफलीत कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं. आधी मुलाचं शरीर, मग रायफल त्या शरीराला जुळते का ते, आणि त्यानंतर पैसे.

पण त्याहीआधी एक गोंधळ दूर करायला हवा. छोट्या बोअरची (म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचा व्यास लहान असलेली) रायफल म्हटलं की दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात. पहिली ४.५ मिलिमीटरची एअर रायफल, जिला सगळे ‘पॉइंट वन सेव्हन सेव्हन’ म्हणतात. दुसरी ५.६ मिलिमीटरची, म्हणजे ‘पॉइंट टू टू’. एनसीसीच्या कँपला गेलेल्या अनेकांनी हीच आडवं पडून चालवलेली असते, त्यामुळे बरेच बाबा ‘टू टू’च्याच आठवणीत असतात आणि मुलालाही तीच लागणार असं धरून चालतात.

बोअरमधला फरक जेमतेम एक मिलिमीटरचा दिसतो, पण आतलं यंत्र निराळं आहे. एअर रायफलीत दारू नसते. दाबलेली हवा सुटते आणि शिशाचा छोटा पेलेट पुढे ढकलते. मॅचसाठीचा पेलेट साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने निघतो. गणित केलं तर त्याची ऊर्जा ८ ज्यूलच्या आसपास येते. पॉइंट टू टूमध्ये खरं काडतूस असतं. पितळी टोपणाच्या काठात स्फोटक भरलेलं असतं, पिन त्या काठावर आपटते आणि दारू पेटते. गोळी अडीच ग्रॅमहून थोडी जड, वेग सव्वातीनशे मीटरच्या आसपास, आणि ऊर्जा १४० ज्यूलच्या घरात. म्हणजे एअर रायफलीच्या जवळजवळ सतरा पट. मोकळ्या जागेत ही गोळी दीड किलोमीटरही जाऊ शकते.

कायदाही दोघींकडे एका नजरेनं बघत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. एअर रायफलीचा बोअर ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा नसेल आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर तिला परवाना लागत नाही. मॅचची एअर रायफल या मर्यादेत आरामात बसते. पॉइंट टू टू मात्र पूर्ण अर्थानं अग्निशस्त्र आहे. तिचा परवाना लागतो आणि २१ वर्षांखालच्या व्यक्तीला असं शस्त्र सहसा स्वतःकडे बाळगता येत नाही. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला प्रशिक्षणापुरती ती हाताळता येते, तीही जाणत्या माणसाच्या थेट देखरेखीखाली. तेव्हा ‘मुलासाठी पहिली रायफल’ याचा आपल्याकडे व्यवहारात एकच अर्थ उरतो, तो म्हणजे एअर रायफल.

कुणाला यात कमीपणा वाटत असेल तर त्यांनी निकाल बघावेत. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रानं सुवर्णपदक जिंकलं ते १० मीटर एअर रायफलमध्ये. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत अठराव्या वर्षी जगज्जेता झाला, तोही याच प्रकारात. एअर रायफल ही लहानांची पायरी नाही, तो एक स्वतंत्र आणि अतिशय अवघड खेळ आहे.

किती अवघड? दहा मीटरवर टांगलेल्या टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो. त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा. उभं राहून, कशालाही न टेकता, मोठ्या स्पर्धेत असे ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे. इथे रायफलीच्या नळीपेक्षा ती धरणाऱ्या शरीराचाच प्रश्न जास्त असतो.

वजनाचं गणित

नियमानुसार एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. मोठ्यांच्या मॅच रायफली सहसा चार ते पाच किलोंच्या असतात. आता तीस किलो वजनाची मुलगी साडेचार किलोची रायफल उचलते तेव्हा ती स्वतःच्या वजनाच्या १५ टक्के भार हातात घेते. सत्तर किलोच्या बाबांनी साडेदहा किलोची रायफल घेऊन तास-सव्वा तास उभं राहावं, तसंच हे. बाबांनी एकदा हा प्रयोग डोक्यातल्या डोक्यात करून बघावा आणि मग दुकानात जावं.

स्टँडिंग पोझिशनमध्ये रायफल दंडाच्या ताकदीवर धरायची नसते. डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर किंवा छातीच्या बाजूला टेकतं, कंबर थोडी टार्गेटकडे सरकते, पाठ मागे झुकते आणि भार हाडांवरून पायांत उतरतो. वाढत्या वयाच्या मुलाच्या पाठीच्या खालच्या मणक्यांवर याचा ताण येतो. रायफल जड असेल तर मूल पाठ आणखी मागे टाकतं, आणखी वळतं, आणि ती चुकीची कमान सवयीची होते. पुढे ती काढायला कोचला वर्षं जातात. गुण दिसतात, पाठ दिसत नाही, म्हणून पालक नको त्या गोष्टीवर खूश होतात.

अमुक वयाला अमुक किलो असा पक्का नियम सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो. रेंजवर करून बघण्यासारखी साधी चाचणी आहे. मुलाला रायफल घेऊन पोझिशन घ्यायला सांगा, साधारण अर्धा मिनिट नेम धरू द्या, खाली ठेवायला सांगा, आणि हेच काही वेळा करा. टार्गेटकडे बघू नका, मुलाकडे बघा. खांदे कानाकडे चढायला लागले, श्वास कोंडला गेला, रायफल खाली ठेवताना धप्पकन ठेवली, की ती रायफल आज तरी जड आहे.

मग लहान मुलांनी करायचं काय? जर्मनीत नेमबाजी गावोगावच्या क्लबांमध्ये चालते. तिथल्या कायद्यानं एअर रायफल साधारण बाराव्या वर्षापासून आणि पॉइंट टू टू चौदाव्या वर्षापासून, तीही देखरेखीत आणि पालकांच्या संमतीनं. त्याहून लहान मुलं प्रकाशकिरण सोडणाऱ्या रायफलीवर शिकतात, ज्यातून काहीच सुटत नाही. आपल्याकडे ती सोय सगळीकडे नाही, पण स्टँड आहे, वाळूची पिशवी आहे. रायफलीचं टोक टेकवून मुलाला साइट (नेम धरायचं साधन), श्वास आणि ट्रिगर शिकवता येतात, आणि मग हळूहळू आधार काढता येतो. तुमचे कोच असं करत असतील तर ‘अजून स्टँडवरच?’ म्हणून नाराज होऊ नका.

वजनाइतकंच महत्त्वाचं ते माप. रायफलीचा मागचा भाग, म्हणजे बटप्लेट, खांद्याच्या खळगीत बसतो. तिथून ट्रिगरपर्यंतचं अंतर मुलाच्या हाताला जुळलं पाहिजे. मोठ्यांची रायफल मुलाच्या खांद्याला लावली की हे अंतर जास्त पडतं. मग मूल मान पुढे ताणतं, खांदा मागे ओढतं, आणि ट्रिगरवर बोटाचं पेर पोहोचावं म्हणून मनगट वाकवतं. बोट सरळ मागे येण्याऐवजी रायफलीला बाजूला ढकलतं आणि प्रत्येक शॉट एकाच बाजूला जातो. घरी सगळे म्हणतात, ‘साइट बिघडली असेल.’

दुसरं माप गालाचं. दस्त्यावर जिथे गाल टेकतो तो तुकडा वर-खाली करता यायला हवा. रायफल डोळ्यापर्यंत आणायची असते, डोकं रायफलीपर्यंत खाली न्यायचं नसतं. डोकं कलतं झालं की तोल सांभाळणारी कानातली यंत्रणाही कलते, आणि चष्मा असेल तर मूल काचेच्या मध्यातून न बघता कडेनं बघायला लागतं. तिसरं, पुढच्या हाताचं. मुलांचे हात आखूड असतात, कोपर कमरेवर टेकवलं की रायफल डोळ्याच्या खूप खाली राहते. म्हणून हात आणि दस्ता यांच्यामध्ये उंची वाढवणारा ठोकळा लागतो. कोच त्याला सहसा ‘राइजर’ म्हणतात.

म्हणून पहिल्या रायफलीत मी एकच गुण मागेन: सगळं सरकणारं, सगळं बदलता येणारं. अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्यांत हे सोपं असतं. लाकडी दस्ता दिसायला देखणा, पण मूल वर्षभरात चार बोटं वाढलं की त्याची मर्यादा कळते. जर्मनीतल्या उल्मच्या वाल्थर आणि अनशुट्झ, ओबर्नडॉर्फची फाइनवेर्कबाउ, या कंपन्यांची नावं रेंजवर रोज ऐकू येतात. मोठ्या कंपन्या मुलांसाठी हलक्या, आखूड दस्त्याच्या रायफलीही बनवतात. ‘आत्ता ज्युनियर घेतली तर दोन वर्षांत पुन्हा खर्च’ असं दुकानदार म्हणेल. ते खरंही आहे. पण चांगल्या अवस्थेतली ज्युनियर रायफल रेंजवरच पुढच्या मुलाकडे जाते, आणि वाकडी बसलेली पोझिशन कुणी विकत घेत नाही.

डोळा, आणि साइट

उजव्या हातानं लिहिणाऱ्या मुलाचा प्रमुख डोळा उजवाच असेल असं नाही. दोन्ही हात पुढे करून अंगठ्या-बोटांमध्ये छोटी फट ठेवायला सांगा, त्या फटीतून दोन्ही डोळ्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगा. मग आळीपाळीनं एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं घड्याळ फटीतच राहतं तो प्रमुख डोळा. तो आणि हात विरुद्ध बाजूचे निघाले तर दोन मार्ग असतात: रायफल दुसऱ्या खांद्याला लावायची, किंवा प्रमुख डोळ्यापुढे पट्टी लावून दुसऱ्यानं नेम धरायचा. निर्णय कोचनं घ्यावा, पण खरेदीच्या आधी. उजव्या हाताची रायफल घरात आल्यावर मूल डावखुरं शूटर आहे हे कळणं फार महागात जातं. काही दस्ते दोन्ही बाजूंनी चालतात, शंका असेल तर तेच बघावेत.

आपल्याकडच्या स्पर्धांत ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे प्रकार असतात. ओपन साइटमध्ये मागे खाच, पुढे काडी, आणि पलीकडे टार्गेट. डोळ्याला तीन अंतरांवरच्या तीन वस्तू जुळवायच्या असतात आणि एका वेळी एकच स्पष्ट दिसते. पीपमध्ये मागे बारीक भोक असतं, पुढे गोल रिंग. भोकातून बघितलं की डोळा आपोआप मध्य शोधतो, लांबचं आणि जवळचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, आणि काळा गोल रिंगच्या मधोमध ठेवला की झालं. ऑलिंपिकमध्ये फक्त पीप आहे. ओपन साइटची रायफल बरीच स्वस्त मिळते म्हणून अनेक घरं तिथून सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही. मात्र मुलाला पुढे पीपच मारायची आहे हे ठरलेलं असेल तर मधल्या ओपन साइटवर वेगळा खर्च करू नये असं मला वाटतं. क्लबची वापरावी.

पीपबद्दल एक बारीक गोष्ट: पुढची रिंग मुलांना मोठी द्या. रिंग लहान असली की गोल जरा हलला तरी कडेला शिवतो, मूल घाबरून थांबतं, श्वास संपेपर्यंत नेम धरत राहतं आणि शेवटी ट्रिगर झटकतं. मोठ्या रिंगमध्ये भोवती पांढरी जागा भरपूर राहते, हलणं तितकं डाचत नाही आणि शॉट वेळेवर सुटतो.

हवा भरण्याच्या पद्धती तीन. स्प्रिंगच्या रायफलीत नळी मोडून स्प्रिंग दाबायची. ती स्वस्त असते, पण प्रत्येक शॉटला ताकद लागते आणि स्प्रिंग सुटताना रायफल हादरते. साठ वेळा नळी मोडून दमलेल्या मुलाकडून स्थिर हाताची अपेक्षा करणं हा अन्याय आहे. एका दांड्यानं हवा दाबण्याच्या जुन्या मॅच रायफली अचूक असतात, फक्त तो दांडा लहान हातांना जड जातो. आजच्या मॅच रायफलींना सिलिंडर असतो. तो एकदा भरला की बरेच शॉट निघतात, मुलानं फक्त पेलेट ठेवून झाकण लावायचं. परवडत असेल तर मुलासाठी हीच पद्धत.

सिलिंडरवर जरा थांबू, कारण जुनी रायफल घेताना सगळ्यात मोठी फसगत इथे होते. यात २०० बार, काहींत ३०० बार दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन-अडीच बार असतो, त्यावरून अंदाज करा. म्हणून सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि मोठ्या कंपन्या साधारण दहा वर्षांचं आयुष्य धरतात. मुदत संपलेला सिलिंडर धोक्याचा असतो आणि स्पर्धेतही अडचण येते. रायफल स्वस्तात मिळतेय असं वाटलं की आधी तारीख वाचा, आणि नव्या सिलिंडरची किंमत त्यात मिळवून मग ‘स्वस्त’ म्हणा. भरायची ती कोरडी, स्वच्छ हवा. ऑक्सिजन कधीही नाही. तेलाचा अंश आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो.

जॅकेटचं थोडक्यात. कडक कापडाचं जॅकेट पाठीला आधार देतं, पण ते अंगाला बरोबर बसलं तरच. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून दोन मापं मोठं घेतलेलं जॅकेट म्हणजे नुसता उकाडा. आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका. मुलांसाठी वापरलेलं जॅकेट शोधावं. पेलेट मात्र चांगले घ्यावेत. सपाट तोंडाचे मॅच पेलेट कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतात, ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत मिळतात, आणि कुठल्या नळीला कुठलं माप मानवतं हे मारून बघूनच कळतं.

पेलेट शिशाचे असतात हे घरोघरी विसरलं जातं. मुलं ते तोंडात धरतात, हात न धुता डबा उघडतात. रेंजवर खाणं नाही आणि परतल्यावर साबणानं हात धुणं, या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून.

घरी रायफल आली की ती कुलपात. पेलेट वेगळे, तेही कुलपात, आणि किल्ली मोठ्यांकडे. परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं होत नाही. ८ ज्यूलचा पेलेट डोळा कायमचा घालवू शकतो. नळी कायम टार्गेटच्या दिशेला, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आणि रायफल खाली ठेवली की नळीत भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग. मोठ्या स्पर्धांत ती सक्तीची आहे, घरातही असावी. गच्चीवर, पार्किंगमध्ये, कबुतरांवर ‘जरा बघू’ हे एकदाही नाही. पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढणं तर अजिबात नाही. बिल पालकाच्या नावावर घ्या आणि प्रवासात त्याची प्रत जवळ ठेवा.

घरचा सराव पेलेटशिवायही होतो. बहुतेक मॅच रायफलींना ड्रायची सोय असते: चाप ओढला की फक्त टिक आवाज, हवा सुटत नाही. भिंतीवर छोटा काळा ठिपका चिकटवून मूल रोज वीस मिनिटं ड्राय करू शकतं. आधी नळी रिकामी आहे हे मोठ्या माणसानं बघायचं, आणि त्या भिंतीपलीकडे कुणी नको. स्वतःची रायफल घेण्याचं सगळ्यात पटणारं कारण मला हेच वाटतं. क्लबच्या रायफलीचं माप दर तासाला बदललेलं असतं, स्वतःची रोज तशीच असते. उलट, मूल आठवड्यातून दोनदाच रेंजवर जात असेल आणि घरी ड्राय करणार नसेल, तर क्लबची रायफल पुरते. निदान सहा महिने तिच्यावर घालवावेत, आणि रोजचं माप वहीत लिहून ठेवावं: बटप्लेट कितव्या रेघेवर, गाल कितव्या. खरेदीला जाताना ती वही न्यावी.

राहिली पॉइंट टू टू. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (आडवं पडून मारायच्या प्रकाराची) जगज्जेती झाली, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, आडवं पडून आणि उभं राहून) ४५१.४ गुणांसह ब्राँझ आणलं, म्हणून कोल्हापूरकडच्या पोरांना ती खुणावणारच. मुलगा किंवा मुलगी एअरमध्ये स्थिरावली की कोच त्यांना क्लबच्या टू टूवर घेतील. तिथे रायफल आणि काडतुसांचा हिशेब परवानाधारकाकडे असतो. घरच्यांनी तेव्हा घ्यायच्या वस्तू रायफलीपेक्षा लहान आहेत: प्रोनसाठी चटई, नीलिंगसाठी (गुडघ्यावर बसून मारताना) पायाच्या घोट्याखाली ठेवायचा रोल, स्लिंग (दंडाला बांधून रायफल पेलणारा पट्टा), आणि कानांसाठी चांगले प्लग. एअर रायफलीच्या टिचकीला सरावलेलं मूल पहिल्या आवाजाला दचकतं, त्यामुळे सुरुवातीला प्लगवर कानभर बसणारे मफ घातलेले बरे.